जेवना पाय

बॅरेजची दारं उतरली की
तापी सारंगखेड्याला थांबते, अंगाने भरते,
पुलाच्या खांबांना कमरेपर्यंत धरून राहते.
यात्रा उठून गेलेली असते. काठावर खुंटे, चाऱ्याच्या काड्या.
अशा दिवसांत मी पोरांना पाण्यावर उभं राहायला शिकवतो.

बोट जुनी, गोव्याहून ट्रकवर आली. सुकाणू भटूकडे.
पंखा पोटाखाली आहे, म्हणून हिच्या मागे जवळ राहता येतं.
एका अंगाला वजन घातलं की बोट कलते
आणि कललेल्या अंगामागे एक लाट उठते
जी फुटून संपत नाही,
बोट चालेल तोवर मागे मागे येते
दावणीच्या वासरासारखी.
तिच्यावर यायचं, मग दोरी सोडायची.
एवढंच. बाकी सगळी भानगड बाजूची.

डावा पाय पुढे, तर बोटीची डावी बाजू.
जेवना पाय पुढे, तर जेवनी.
जेवना म्हणजे उजवा; ज्या हाताने जेवतो, त्या अंगाचा.
चुकीकडे उठलात तर लाट पाठीशी येते
आणि पाठीला कुठे डोळे असतात.

कोणाचा कोणता पाय, हे विचारून कळत नाही.
लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं.
मी सांगतो, ही पाटचारी, पळत ये, उडी मार.
शहाद्याच्या मोक्षाने मारली. तिच्या भावाने तीनदा मारली, मजा म्हणून.
कृपाली गिरासे म्हणाली, नको. मला माहीत आहे. डावा.

ठीक. डावीकडे पाण्याचे चौदा कॅन,
मोक्षा, मोक्षाचा भाऊ,
आणि हिलालआप्पा, वय सत्तर, वजन अठ्ठ्याण्णव,
आमच्या बोटीचं सगळ्यात भरवशाचं सामान.

टाचा फळीवर ठेव. गुडघे छातीशी.
चुलीपुढे बसतात तशी उकिडवी बस.
दोरी तू ओढू नको, दोरीला तुला ओढू दे.
घाई नको गं, पाणीच फळी आणून देतं तळव्याखाली.

पहिल्यांदा नाकात पाणी.
दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच.
चौथ्यांदा उठली, अडीच श्वास,
लाट शोधायला मान वळवली आणि गेली.
भटू ओरडला, कथा जास वं माय?
सहाव्यांदा ती बोटीवर चढून आली, काही बोलली नाही,
आणि मला ओल्या फळ्यांवर दिसलं:
काठ ओलांडताना आधी जेवना पाय.
चहा घ्यायला उठली, आधी जेवना.

डावा कोणी सांगितला तुला?

घोड्यावर डावीकडूनच चढतात ना, ती म्हणाली.
रिकिबीत डावा पाय. पप्पा म्हणतात
उजवीकडून गेलीस तर लाथ खाशील.

मी म्हटलं, पाणी लाथ मारत नाही.
नंतर वाटलं, सहा वेळा मारलीच की.

मग बोटभर उठाउठ.
चौदा कॅन, दोन दोन करून, पलीकडे.
मोक्षा सरकली, भाऊ सरकला,
आप्पा घोंगडीसकट, कुरकुरत,
एका पोरीपायी म्हातारं माणूस हलवता का रे.
अर्ध्यात बोट सपाट झाली.
तेवढा वेळ कोणाच्याच बाजूला लाट नव्हती.
मग ती जेवनीकडे कलली.

सातव्यांदा मी काहीच सांगितलं नाही.
ती उठली. उठली म्हणजे
खाटेवरून उठावं तशी, काही विशेष नसल्यासारखी,
आणि लाट तिच्या समोर होती, छातीपुढे,
हात लावता येईल एवढी.
तिने एक हात लावलाच.

पुलाचा तिसरा खांब गेला. चौथा.
दोरी सैल पडली. सैलच राहिली.
तिने मूठ उघडली.

त्याच वेळी हिलालआप्पा बघायला म्हणून उभे राहिले,
नीट दिसावं म्हणून चार पावलं डावीकडे आले,
तशी बोट सरळ झाली, लाट बसली,
आणि लाटेबरोबर ती पण, हळूच, पाण्यात,
तोंडात पाणी, हसणं आणि एकच वाक्य:
आप्पा, बठा ना खाले!